कोल्हापुरात बसून लेहची हवा: वीस सेशनच्या पॅकेजचा हिशेब

आधीच सांगतो, उंचावरच्या विरळ हवेचं मशीन ठेवलेल्या ज्या जिमचं हे पॅकेज, तिचं नाव लिहिणार नाही. पोरं चांगली आहेत, धंदा नवीन आहे, आणि ह्या गोष्टीत एक चूक माझीपण आहे, ती शेवटी येईलच. नाव हवं असेल तर समोरासमोर भेटल्यावर सांगतो, रंकाळ्यावर सकाळी साडेपाचला मी असतोच.

झालं असं की सप्टेंबरात लडाख मॅरेथॉनची हाफ पळायची असं आम्ही तिघांनी ठरवलं. वय चव्वेचाळीस, वजन जरा जास्तच, पण पाच वर्षं नियमित पळतोय, शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर हाफ दोन तास पाच मिनिटांत होते. प्रॉब्लेम पायाचा नव्हता, हवेचा होता. लेह आहे साडेतीन हजार मीटरवर आणि आपलं कोल्हापूर साडेपाचशे-पावणेसहाशेवर. पन्हाळ्यावर जाऊन पळ म्हणून सल्ला देणारे लई भेटले, पण पन्हाळा हजार मीटरसुद्धा पुरता नाही, आणि सगळ्या महाराष्ट्रात उंच काय तर कळसुबाई, ती १६४६ मीटर. म्हणजे आपल्या राज्यात कुठंही तंबू ठोकून बसलात तरी शरीराला विरळ हवेची सवय लागेल अशी जागाच नाही. पन्हाळ्याच्या चढानं मांड्या तयार होतात, ते वेगळं.

मग काय, पैसे घालवायला सुरुवात. पहिला बळी म्हणजे तो मास्क. ऑनलाइन १४५० रुपयांना मिळाला, काळा, पुढं दोन व्हॉल्व, त्यावर फिरवायचं चाक आणि चाकावर फुटात उंचीचे आकडे लिहिलेले, ३०००, ६०००, ९०००, असं करत १८००० पर्यंत. घालून रंकाळ्याला एक राऊंड मारला तर एक बारकं पोरगं ओरडलं, "ओ काका, कोरोना संपला की!" बरोबर बोलला बिचारा. कारण हा मास्क ऑक्सिजन कमी करतच नाही, फक्त श्वास ओढायला जड करतो, नाकावर बोट धरून पळल्यासारखं. बाहेरची हवा तीच, त्यात ऑक्सिजन २०.९ टक्के तोच, वर आपलाच सोडलेला थोडा कार्बन डायऑक्साइड परत आत. श्वासाच्या स्नायूंना व्यायाम होत असेल तर होवो, पण चाकावर उंचीचे आकडे छापणं म्हणजे शुद्ध फसवणूक. शून्य स्टार.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, मलापण आधी उलटीच माहिती होती. लेहच्या हवेतपण ऑक्सिजन २०.९ टक्केच असतो. टक्का बदलत नाही, दाब बदलतो. समुद्राकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, लेहला साधारण ४९०, एव्हरेस्ट बेस कॅम्पला जवळजवळ निम्मा. दाब कमी म्हणजे एका श्वासात येणारा ऑक्सिजनचा माल कमी. आता कोल्हापुरात बसून दाब कमी करायचा तर लोखंडाची टाकी करून त्यात माणूस कोंडावा लागेल (उद्यमनगरात ऑर्डर दिली तर कोणीतरी करूनपण देईल, आपल्याकडं काय होत नाही), म्हणून सोपी युक्ती अशी की दाब तसाच ठेवायचा आणि टक्का कमी करायचा. १३.५ टक्के ऑक्सिजनची हवा समुद्राकाठी ओढली की ती साडेतीन हजार मीटरसारखी लागते.

हेच करणारं मशीन एका जिमनं आणलंय असं कळलं. गेलो बघायला.

माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, आयुष्य कंप्रेसरच्या आवाजात गेलंय, त्यामुळं मशीन बघून मला ट्रेनरपेक्षा जास्त आनंद झाला. कोविडात घरोघरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले होते बघा, त्याचा हा उलटा भाऊ. कॉन्सन्ट्रेटरमध्ये झिओलाइटचे दाणे असतात, दाबाखाली ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढं पेशंटला जातो आणि नायट्रोजनवाली हवा बाहेर फेकली जाते. इथं ती फेकायची हवाच तुम्हाला देतात आणि चांगला ऑक्सिजन खोलीत सोडून देतात. म्हणजे मी पैसे देऊन मास्कमधून भंगार हवा ओढायची आणि शेजारी मोबाईल बघत बसलेल्या ट्रेनरला तेवढ्या वेळ दोन थेंब जास्त ऑक्सिजन. हे त्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "दादा, म्हणून तर मी फ्रेश असतोय."

पॅकेज वीस सेशनचं, १४००० रुपये. सुट्टं सेशन ९००. सेशन म्हणजे खुर्चीत बसून पाच मिनिटं कमी ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा, असं पाच-सहा वेळा, आणि पुढच्या आठवड्यापासून तेच मास्क लावून सायकलवर. बोटाला रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर, ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलं की मास्क काढायचा असा नियम, आणि तो नियम पोरं पाळतात, हे त्यांचं कौतुक. भिंतीवर तक्ता: १५ टक्के म्हणजे २७०० मीटर, १३.५ म्हणजे ३५००, १२ म्हणजे ४४००.

आता काय आवडलं नाही ते. फॉर्मवर नाव, वय, बीपी एवढंच. रक्त तपासलंय का हे कोणी विचारलं नाही. दम्याचं, हृदयाचं, सिकल सेलचं विचारायला नको का? आणि भिंतीवर पोस्टर काय, तर "२० सेशनमध्ये हिमोग्लोबिन वाढवा". मी आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून आण, मग बघू मशीन-बिशीन. हिमोग्लोबिन १३.४ आणि फेरिटिन १६. मी माळकरी माणूस, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात राहून शेंगदाण्यावर जगतो, त्यामुळं शरीरात लोखंडाचा साठा जवळजवळ संपलेला. डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत असं: शरीराला ऑक्सिजन कमी पडला की किडनीतून ईपीओ नावाचं हार्मोन सुटतं, ते हाडाच्या मगजाला ऑर्डर देतं की तांबड्या पेशी जास्त काढा. (पेशींना ऑक्सिजन कमी पडलाय हे कळतं कसं, ह्याच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालंय.) पण ऑर्डर आली आणि फौंड्रीत भंगारपण नाही, पिग आयर्नपण नाही, तर भट्टी पेटवून ओतणार काय? मशीनवाल्यांनी पैसे घ्यायच्या आधी हे सांगायला हवं होतं. तीनएकशे रुपयांच्या सीबीसीनं आणि फेरिटिनच्या टेस्टनं जे कळलं ते चौदा हजारांत कळलं नसतं. लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, डॉक्टरांच्या देखरेखीत, स्वतःच्या मनानं घेऊ नका.

आणि दुसरं म्हणजे तासांचा हिशेब. ह्यातली जी मोठी पद्धत आहे ती म्हणजे उंचावर राहायचं आणि खाली येऊन पळायचं. लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन ह्या दोघांनी १९९७ साली ते दाखवून दिलं, खेळाडू चार आठवडे २५०० मीटरवर राहिले आणि पळायला १२५० वर उतरले, त्यांचं रक्तपण वाढलं आणि टायमिंगपण सुधारलं. पण ते तिथं राहत होते हो! रोजचे बारा-बारा तासांच्या वर, तीन-चार आठवडे. आणि मी? पाच-पाच मिनिटांचे तुकडे जोडून दिवसाला अर्धा तास, तोपण आठवड्यातून तीनदा. वीस सेशनचा सगळा कमी ऑक्सिजन गोळा केला तर दहा तास. म्हणजे लेहच्या हॉटेलात झोपून काढलेली एक रात्र आणि वर सकाळचा चहा. हे गणित मी अकराव्या सेशनला सायकलवर बसून केलं आणि तिथंच माझा मूड गेला. ट्रेनरला विचारलं तर म्हणाला, "त्यासाठी तंबू आहे ना दादा, घरी न्या."

तंबूपण आणला. नादच केला म्हटल्यावर पूर्ण करायचा. आठवड्याचं भाडं साडेतीन हजार, प्लॅस्टिकचा तंबू पलंगावर उभा करायचा, शेजारी मशीन रात्रभर धडधडत, पाइप आत. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर, आणि मी तंबूत घामानं निथळतोय, आतून पाणी ओघळतंय. आमची मंडळी एक रात्र बघून म्हणाली, "तुम्ही जावा लडाखला नाहीतर चंद्रावर, मी पोरांच्या खोलीत झोपते." दुसऱ्या रात्री अडीचला लाइट गेली, मशीन बंद पडलं, बंद तंबूत आपणच सोडलेली हवा कोंडायला नको म्हणून झिप उघडून बाहेर आलो आणि जमिनीवर झोपलो, तीच काय ती झोप. झोप मोडून ट्रेनिंग केल्यानं फायद्यापेक्षा तोटा जास्त होतोय हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तिसऱ्या दिवशी परत. पैसे अर्धे मिळाले, न मागता दिले, म्हणून त्यांना एक स्टार जास्त.

स्वच्छतेबद्दल एवढंच की मास्क एकाच फडक्यानं पुसत होते. मी स्वतःचा वेगळा घेतला, ९०० रुपये. तुम्हीपण घ्या.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. नवव्या सेशनला मशीनचा ऑक्सिजन मीटर मला संशयास्पद वाटला. मोजमापाचं एक साधं तत्त्व आहे, ज्याची किंमत पक्की माहीत आहे ते आधी मोजून बघायचं. आमच्याकडं मायक्रोमीटर वापरायच्या आधी झिरो बघतात तसं. मी म्हटलं सेन्सर काढून दाराजवळ मोकळ्या हवेत धर. धरला. यायला पाहिजे २०.९, आला १९.५. झालं, मी पेटलो. म्हटलं सेन्सर म्हातारा झालाय, कमी दाखवतोय, म्हणजे तू १३.५ सांगून मला साडेचौदाची हवा देतोयस, साडेतीन हजार सांगून तीन हजारावर ठेवतोयस, पाचशे मीटर काटा मारला की माझा! मापात पाप! पोरगं घाबरलं, टेक्निशियनला फोन, त्यानं व्हिडिओ कॉलवर बटणं सांगून मोकळ्या हवेत आकडा २०.९ ला सेट करून दिला. मी खुश. पुढच्या सेशनपासून फरक लगेच जाणवला, आधी बसल्या बसल्या ऑक्सिमीटर ८८ पर्यंत उतरायचा, आता ८२. डोकं जड, कानात ठोके. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, आता खरं लेह लागलं.

हे असंच डोक्यात ठेवून लेहला गेलो. पळायच्या सात दिवस आधी पोचलो आणि ह्या सगळ्या खटाटोपातला सर्वात शहाणा निर्णय हाच होता. पहिले दोन दिवस काहीच नाही, खोली, पाणी, चहा, थुक्पा, झोप. डॉक्टरांनी लिहून दिलेली डायमॉक्सची, म्हणजे उंचीच्या त्रासावरची, गोळी होती, पण गोळी आहे म्हणून धावपळ करायची नसते. तरी पहिल्या रात्री डोकं ठणकलंच, रात्री चारदा जाग, ऑक्सिमीटर ८६. शेजारच्या कॉटवर आमचा दोस्त, ज्यानं एक रुपया कुठं भरला नाही, ट्रेनिंग म्हणजे कळंब्याला पळणं आणि दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, तो गाढ घोरतोय, त्याचा ८९. सकाळी उठून मला विचारतो, "भावा, तुझ्या चौदा हजाराचं काय झालं रे?" एकाच माणसावरून सिद्ध काही होत नाही हे मला कळतं, कोणाला उंची लागते आणि कोणाला नाही हे फिटनेसवर ठरत नाही, चांगले पैलवान गडी आडवे होतात. पण त्यावेळी त्याचं तोंड बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून बरं वाटलं, पाचव्या दिवशी हळूहळू पाच किलोमीटर. रेस दोन तास एकेचाळीस मिनिटांत झाली. वाईट नाही, साधारण हिशेब असा की दीड हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला दम एकेक टक्का उतरतो, म्हणजे लेहला पाचवा हिस्सा गेलाच, वर चढ आणि माझं पोट. १९६८ चं ऑलिम्पिक मेक्सिको सिटीत झालं तेव्हा नुसत्या २२४० मीटरवर जगातल्या भल्याभल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची टायमिंग कोसळली होती, तिथं आपण कोण.

मग पॅकेजचा फायदा शून्य का? तसंपण नाही म्हणणार. पंधराव्या किलोमीटरला चढावर श्वास पुरेना तेव्हा छातीत जी धडधड सुरू झाली ती मला ओळखीची होती. मशीनवर तीच यायची. घाबरून अजून जोरात श्वास ओढत बसण्यापेक्षा वेग कमी करायचा, ओठ आवळून श्वास लांब सोडायचा, दोन मिनिटांत गाडी रुळावर येते, हे खुर्चीत बसून शिकलो होतो. आमचा तिसरा गडी तिथंच घाबरून खाली बसला होता. आणि आपलं ऑक्सिजन उतरल्यावर आपण कसे वागतो हेपण कळलं, मी चिडचिड करतो, हे मंडळीला आधीच माहीत होतं म्हणा. पण हे शिकायला चार-पाच सेशन बास होती. वीस नको. सुट्टी घ्या, पाच घ्या, जायच्या आधीच्या दोन आठवड्यांत घ्या, आणि उरलेल्या पैशात लेहला तीन दिवस जास्त राहा. पोस्टरमधल्या हिमोग्लोबिनचं म्हणाल तर परत आल्यावर माझं १३.६ आणि फेरिटिन ४१, आणि त्याचं श्रेय मी गोळ्यांना देतो. आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२२ ला एव्हरेस्टवर जाऊन आली. तिचं नाव जिमवाले आल्यागेल्याला सांगत असतात, पण एव्हरेस्ट चढणारे तिथं आठवडेच्या आठवडे वर-खाली करून सवय करतात, त्याची बरोबरी मशीनशी लावू नका राव.

परत आल्यावर गणपतीच्या गडबडीत एका मित्राला मीटरचा किस्सा रंगवून सांगितला. हा कोविडात ऑक्सिजन मशीन दुरुस्त करत फिरायचा. तो ऐकून घेतो, मिसळीचा घास संपवतो आणि विचारतो, कोल्हापूर समुद्राकाठी आहे का? मी म्हटलं नाही. मग म्हणाला, असले सेन्सर बहुतेक टक्का मोजत नाहीत, ऑक्सिजनचा दाब मोजतात आणि त्यावरून टक्का दाखवतात. कारखान्यात समुद्राच्या पातळीला सेट केलेला सेन्सर पावणेसहाशे मीटरवर आणला तर इथला हवेचा दाब ७१० च्या आसपास, मग मोकळ्या हवेत साडेएकोणीसच दाखवणार. बिघाड नव्हताच. उलट त्या आकड्यात कोल्हापूरची उंची आपोआप धरलेली होती, म्हणून तक्त्यावरचं साडेतीन हजार म्हणजे खरोखर साडेतीन हजारच होतं. आणि तू आरडाओरडा करून तो इथं २०.९ ला बसवलास, आता तो १३.५ दाखवतो तेव्हा टक्का खरा १३.५ असतो, पण तक्ता समुद्राकाठचा आणि दाब कोल्हापूरचा. म्हणजे तुम्ही साडेतीन नाही, चार हजारावर बसलेले असता.

कागदावर मांडून बघितलं. १३.५ भागिले २०.९ गुणिले ७१०, आलं ४५९. चार हजार मीटरच्या हवेचा दाब जवळजवळ तेवढाच. ८८ चं ८२ का झालं ते तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये गेलो. खुर्चीत एक पासष्टीचे काका बसलेले, ऑक्टोबरात बेस कॅम्पला निघालेत, बोटाला ऑक्सिमीटर, आकडा ८१. मी आधी त्यांचा मास्क काढायला लावला. मग ट्रेनरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तर तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, पण मापात पाप तुम्हीच म्हणाला होता की." बरोबर आहे. त्याच्याकडून स्केचपेन घेतला, भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येक उंचीपुढं हातानं अधिक ५०० लिहिलं, आणि खाली काकांसाठी सीबीसी आणि फेरिटिन असे दोन शब्द. माझी आठ सेशन अजून शिल्लक आहेत, ती काकांच्या नावावर करा म्हटलं, पण १५ टक्क्यांच्या खाली नेऊ नका.